पाचवा चौकोन

चेन्नईत तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या घराला आतून गिलावा करणारे म्हातारे गवंडी फार कमी बोलत. काहीही सांगा, आधी भिंतीवरून उलटा हात फिरवायचे आणि मग म्हणायचे, “सरि.” तमिळमध्ये ‘बरं’.

बैठकीच्या भिंतीवर त्यांनी नमुन्याचे चार चौकोन काढून दिले होते. तीन आठवडे आमचं काही ठरेना. आई एक पसंत करायची, दुसऱ्या दिवशी तिलाच तो डागाळलेला दिसायचा. मी ऑफिसातून दमून यायचो, तर पुन्हा तेच. शेवटी एका सकाळी त्यांनी न सांगता पाचवा चौकोन केला. शंखासारखा गुळगुळीत. आईने त्याला गाल लावून पाहिला.

“हाच. आधी देवघराला करा.”

त्या दिवशी ते “सरि” म्हणाले नाहीत. “हा टिकायचा नाही, अम्मा,” म्हणाले, आणि थापीच्या कडेने तो चौकोन खरवडून टाकला.

मागे नळावर गेलो, तर त्यांच्या घमेल्यात ओल्या फडक्याखाली अंड्यांची टरफलं होती. चुन्यात अंड्याचं पांढरं घातलं की तशी चमक येते. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नसे.

मग सगळीकडे साधा पांढरा गिलावा झाला. शेवटच्या दिवशी आई त्यांच्यादेखत मला म्हणाली, “माणूस भला आहे, पण हातात कसब नाही. एकच चौकोन जमला, तोही चुकून.”

माझी नजर त्यांच्या घमेल्याकडे गेली. त्यांनी भिंतीवरून उलटा हात फिरवला.

“सरि, अम्मा.”