पुसल्याशिवाय द्यायचं नाही

नवी मुंबईत महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये माझी बरीच वर्षं गेली. त्यातलं एक अख्खं वर्ष मेमरीचे तुकडे पाडण्यात गेलं. त्याचा थकवा अजून अंगातून पुरता उतरलेला नाही.

साधी मेमरी वीज गेली की सगळं विसरते. आमच्याकडे आलेली नवी मेमरी विसरत नसे. एका मोठ्या सर्व्हरवर आम्ही गिऱ्हाइकांची बरीच व्हर्च्युअल मशीन्स चालवायचो, म्हणजे एकाच कॉम्प्युटरच्या पोटात अनेक कॉम्प्युटर. प्रत्येकाला त्या मेमरीचा एकेक भाग दिलेला, आणि एकदा दिला की कायमचा.

मग एका पॅथॉलॉजी लॅबच्या मशीनला जागा कमी पडायला लागली. जागा होती, पण विखुरलेली, आणि शेजारचा भाग दुसऱ्याचा. मशीन बंद करून दुसऱ्या सर्व्हरवर हलवावं लागलं. दुपारभर रिपोर्ट अडकले. लॅबच्या बाई फोनवर ओरडल्या नाहीत. "बाहेर पेशंट बसलेत हो," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हा ठरलं, की मेमरीचे लहान लहान तुकडे करायचे. लागतील तेवढे, जिथून मिळतील तिथून जोडायचे, मशीनला मात्र ती सलग जागा वाटली पाहिजे. गरज संपली की तेच तुकडे दुसऱ्याला. काम माझ्यावर आणि माझ्या सहकारी बाईवर आलं. ती उरणकडच्या जासईहून यायची, कंटेनरच्या ट्रॅफिकमधून. घरी आईचं डायलिसिस चालू. ऑफिसात पोचायची तेव्हाच तिचा अर्धा दिवस संपलेला असायचा.

जोडाजोडी जमली. भांडण झालं ते तुकडे परत घेण्यावरून. तिचं म्हणणं, प्रत्येक तुकडा आधी पुसायचा, मगच पुढच्याला द्यायचा. पुसायला वेळ लागतो, म्हणून आमच्या साहेबांना ते नको होतं.

"नवीन मशीन स्वतःचं लिहील ना त्याच्यावर. कशाला टेन्शन घेता?"

"सर, लिहीपर्यंत जुनं तिथंच असतं. ही मेमरी विसरत नाही."

"थिअरी आहे ही."

मीही तिला बाजूला घेऊन म्हटलं, "सोड ना. आता दमलोय आपण."

"दमलेय मी पण. म्हणून काय द्यायचं तसंच?"

तिने एक चाचणीचं मशीन उभं केलं, लॅबच्या मशीनची गरज संपल्यावर परत आलेले तुकडे न पुसता त्याला जोडले आणि साहेबांना बोलावलं. स्क्रीनवर माणसांची नावं आली. वय, शुगर, किडनीचं क्रिएटिनिन. कुणाकुणाच्या आजारपणाच्या ओळी आमच्यासमोर वाचता येत होत्या. तिने दोन ओळी पाहिल्या आणि मान वळवली.

साहेबांनी पुढे वाकून एक ओळ वाचली. मग म्हणाले, "बंद करा ते. पुसल्याशिवाय द्यायचं नाही."

 तिने तिथल्या तिथे ते तुकडे पुसले आणि आईला डायलिसिसला न्यायला निघून गेली. तिच्या बाजूने मी उभा राहिलो नव्हतो, हे तिने कधी काढलं नाही.

पुढे काही महिने सगळं नीट चाललं. लॅबचं मशीन चालू असतानाच जागा वाढवून मिळायची, तक्रारीचे फोन येईनासे झाले. आणि मग एके दिवशी कळलं, की ही मेमरी बनवणाऱ्यांनी ती बनवणंच बंद केलं. असलेली चालेल तोवर चालवायची, नवी मिळणार नाही. म्हणजे आता हळूहळू सगळी मशीन्स पुन्हा साध्या मेमरीवर न्यायची आणि आमची वर्षभराची जोडाजोडी मोडीत काढायची.

आम्ही दोघं खाली कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो. चहा पुढ्यात आला, त्यावर साय धरली.

"मला राग पण येत नाहीये," ती म्हणाली.

मलाही येत नव्हता. एवढ्यात तिचा फोन वाजला. कुठल्याशा गिऱ्हाइकाला जागा कमी पडत होती.

"बघते," ती फोनवर म्हणाली, आणि आम्ही वर गेलो.