लिंबाच्या बीवरून सुटलेलं इंजिन
दसऱ्याला झेंडूचा वास आला, की मला आखातातल्या अल मजाजमधल्या घरातलं आमचं डायनिंग टेबल आठवतं. भुसावळला आयुष्यभर डिझेल इंजिन चालवलेले माझे सासरे तेव्हा व्हिजिट व्हिसावर आले होते, आणि नवऱ्याने त्यांच्यासाठी जड मालगाड्या ओढणाऱ्या ब्रिटिश वाफेच्या इंजिनाचं मॉडेल मागवलं होतं. पूजेआधी त्यांनी ते उलटं करून पाहिलं आणि ओरडलेच, “अरे, मधल्या चाकांना रूळ धरणारी कडच नाही! रुळावर राहील कसं? फसवलं तुला!” “खलास, रिटर्न करतो,” म्हणत नवऱ्याने फोन उघडला आणि वाचता वाचता तोच ओरडला, “बाबा, खऱ्या इंजिनालाही नव्हती! एवढं लांब धूड वळणावर अडकू नये म्हणून!” सासऱ्यांचे डोळे चमकले. “यल्ला, चल, मग वळवून दाखव!” आम्ही टेबलभर रूळ मांडले. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, पण इथे लिंबूच इंजिनाएवढं, म्हणून मी लिंबाची बी ठेवली. ती उडवून इंजिन सुटलं, वळणाशी आलं आणि झोकात वळलं! सासऱ्यांनी तोंडानेच अशी शिट्टी मारली, की शेजारचं दार उघडलं. पुढे नवऱ्याने वाचलं, की डिझेल आल्यावर ही इंजिनं ऐन तरुणपणी भंगारात गेली. “म्हणजे आम्हीच यांना घरी बसवलं!” सासरे म्हणाले, “फिरव, अजून फिरव!” आता ते भुसावळला असतात. दसऱ्याला व्हिडिओ कॉल लागला, की शुभेच्छा नंतर, आधी म्हणतात, “सूनबाई, कॅमेरा वळणावर धर.”