असोद्याचा साठेबाज

माझ्या हुशारीचा हा किस्सा मी सहसा कोणाला सांगत नाही. पण तुम्ही आपलेच. चहा तेवढा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागायचा.

माझी मुलगी प्रणाली रोज असोद्याहून जळगावला अ‍ॅनिमेशन शिकायला जाते. परीक्षेसाठी तिला तीन मिनिटांची फिल्म करायची होती, आणि घरचा कॉम्प्युटर तीन सेकंदांत हँग व्हायचा. "बाबा, ग्राफिक्स कार्ड पाहिजे," ती म्हणाली. "पण मिळत नाहीये. मी दुकानात नाव लावलंय. पहिला नंबर आहे माझा. थांबू या."

मिळत नाही म्हणजे काय? युरिया आहे का तो? मला काही चैन पडेना. सरळ दुकानात जाऊन विचारलं.

"भाऊ, एआयवाल्यांनी मोठमोठ्या कॉम्प्युटरची गोदामं उभी केली ना," दुकानदार म्हणाला. "चिप बनवणारे आधी त्यांचा माल भरतात. आपल्याकडे उरलंसुरलं येतं."

हे मला लगेच पटलं! आमच्या केळीचं दुसरं काय होतं? चांगला माल कंटेनरमधून परदेशी, आणि गावातल्या हातगाडीवर डागाळलेल्या फण्या.

पण म्हणून हातावर हात धरून बसायचं? आमच्याकडे केळी कापायला आली की एका व्यापाऱ्यावर कोणी विसंबत नाही. चौघांना फोन करायचा, ज्याची गाडी आधी येईल त्याला माल द्यायचा. बाकीचे दोन दिवस शिव्या देतात, तिसऱ्या दिवशी विसरतात.

मग काय! जळगावच्या पाच दुकानांत नावं लावली. माझं, बायकोचं, भावाचं, झाडून सगळ्या चुलतभावांचं. ऐंशी वर्षांच्या आत्याचंसुद्धा! धुळ्याच्या साल्यालाही फोन केला, म्हटलं, आमच्या नावानं तिथंही लाव.

"भाऊजी, आठे बी बठ्ठा माल खलास शे," तो म्हणाला. "तरी लावस." म्हणजे तिथंही सगळा माल संपलेला, तरी नावं लावतो म्हणाला.

प्रणालीनं कपाळाला हात लावला. "बाबा, माझा नंबर आहे ना!"

"एका नंबरानं काय होतं, पोरी?"

पंधरा दिवसांनी पुन्हा दुकानात गेलो, तर दुकानदाराचं तोंड उतरलेलं. "भाऊ, मागणी एकदम वाढली. कोणीतरी साठेबाज घुसलाय म्हणे."

साठेबाज! माझं डोकंच फिरलं. पोरीला फोन केला, "त्याला शोधूनच घरी येतो!" आणि थेट जळगावातच मेहरूणला, होलसेलवाल्या आबांकडे गेलो. सगळ्या दुकानांच्या याद्या त्यांच्याच वहीत उतरतात.

आबांच्या टेबलावर कार्ड होतं. एकच!

"हे एक आलं, आन् नावं चौतीस," आबा डोकं खाजवत म्हणाले. "मागच्या महिन्यात दोनच होती. नवी सगळी एकाच गावची. मला तर खोटी वाटू राह्यली."

"खोडा!"

"सगळी?"

"त्या गावचं एकही ठेवू नका!" गाव कोणतं, हे विचारायचं भान कोणाला होतं?

"पहिलं नाव तेवढं जुनं दिसतं. कोण्या पोरीचं आहे."

"पोरीबाळींच्या आड लपतात हो हे लोक! खोडा!"

आबांनी सरासर रेघा मारल्या. उरलं एकच नाव, शिरपूरच्या कुणा मास्तरांचं. माझ्या डोळ्यांदेखत कार्डाचं पार्सल बांधलं गेलं. मला इतकं समाधान वाटलं म्हणून सांगू!

"भले माणूस दिसता," आबा म्हणाले. "तुमचं नाव लिहून घेतो. गाव?"

"असोदा."

आबांचं पेन थांबलं. त्यांनी वही हळूच माझ्याकडे फिरवली. आमची आख्खी भाऊबंदकी रेघांखाली आडवी झाली होती. आत्यासकट. आणि सगळ्यात वर, पहिल्या नंबरावर, प्रणाली.

मी हात जोडले. आबांनी तिचं नाव पुन्हा लिहिलं, पण मास्तरांच्या खाली. पुढचा माल कधी येईल ते त्यांनाही माहीत नव्हतं.

घरी आलो. प्रणाली दारातच उभी होती. "काय बाबा, सापडला का साठेबाज?"

"सापडला," म्हटलं. "त्याला जेवायला वाढ."