धाकट्याच्या अडेल पेशी

सोफे शिवणाऱ्याला सगळी गल्ली धाकटा म्हणायची. वय त्रेचाळीस, टक्कल पडू लागलेलं, पण हाक तीच. आई गेल्यावर त्याला थोरल्या बहिणीनं, ताईनं वाढवलं, आणि वाढवायचं ते काम तिनं अजून हातावेगळं केलेलं नव्हतं. गिऱ्हाइकाचा सोफा दुरुस्त झाला की स्प्रिंगा नीट बसल्यात का ते पाहायला धाकटा स्वतः त्यावर आडवा व्हायचा आणि दुपारभर पाहत राहायचा. गिऱ्हाईक दारात आलं की डोळे न उघडता म्हणायचा, "तुमचंच काम चाललंय."

कामाच्या वेळी बारके खिळे मूठभर तोंडात धरायची त्याची सवय. जिभेनं एकेक ओठांवर सरकवायचा, हातोडीला चिकटवायचा, ठोकायचा. त्यामुळे हिरड्यांतून रक्त येऊ लागलं तेव्हा ताईनं खिळ्यांना शिव्या घातल्या. मांड्यांवर निळेजांभळे डाग उठले तेव्हा सोफ्यांच्या कडांना घातल्या. मग एका सकाळी त्याच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेचना. आता शिव्या घालायला कोणी उरलं नाही, तशी ती त्याला ओढत मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली.

रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टरीणबाई खाटेशी स्टूल ओढून बसल्या आणि आडपडदा न ठेवता बोलल्या.

"तुमच्या पांढऱ्या पेशी तयार होतात, पण मोठ्या होत नाहीत. पोरवयातच अडून बसतात आणि नुसती गर्दी करतात. आमच्या कॅप्सूल त्यांना मारत नाहीत, मोठं करतात. मोठ्या झाल्या की चार दिवस काम करतात आणि आपल्या आपण संपतात."

"पेशींचं राहू द्या," ताई म्हणाली. "याला स्वतःला लागू पडतील का ते सांगा."

धाकटा हसला, बेतानं, हिरड्या सांभाळून. मग त्याला खरंच नवल वाटलं. "पण बाई, नुसत्या कॅप्सुलीनं कोणी मोठं कसं होईल? हिचा जन्म गेला त्यात."

बाईंनी त्याचा धंदा विचारला आणि मग त्याच्याच भाषेत सांगू लागल्या. पेशीच्या गाभ्यात जनुकं असतात. तिथं रिसेप्टर नावाची प्रथिनं जोडीनं बसलेली असतात, आत सामान ठेवायच्या दिवाणावर दोघं जण ठाण मांडून बसावेत तशी. ते बसलेत तोवर आतलं काही निघत नाही. ए जीवनसत्त्वापासून शरीरात एक पदार्थ बनतो. तो येऊन त्यांना भेटला की तेच दोघं झाकण उघडून धरतात, आणि आतून 'मोठं व्हा' असा निरोप निघतो.

"तुमच्या पेशींत त्यातला एक जण भलत्याच प्रथिनाला चिकटून बसलाय. रोजच्या थोड्याशा पदार्थाला तो दाद देत नाही. म्हणून तोच पदार्थ भरपूर द्यायचा. शिवाय सलाइनमधून सोमल. तो त्या चिकटलेल्या प्रथिनाचा निकाल लावतो."

"सोमल म्हणजे विष ना?" ताई उठून उभी राहिली.

"मोजून दिलं की औषध."

"मग मोजताना मी इथंच बसणार."

बाई गंभीर झाल्या. "बसा. पण कॅप्सूल एकही चुकवायची नाही. सुरुवातीला रक्तस्राव कधीही जिवावर बेतू शकतो."

एवढ्या सगळ्यातून ताईच्या कानात राहिलं ते फक्त ए जीवनसत्त्व. दुसऱ्या दिवसापासून ती गाजराचा रस थर्मासमध्ये भरून आणू लागली. सिस्टरनं विचारलं तर कोरा चहा. "त्यांचं कारखान्यातलं, माझं अस्सल," ती धाकट्याच्या कानात म्हणाली. "डॉक्टरांना बोललास तर माझ्याशी बोलायचं नाही." ताई अबोला धरायची तेव्हा भांडीसुद्धा तिच्या वतीनं आदळायची. धाकटा मुकाट्यानं प्यायचा.

काही आठवड्यांत हिरड्यांतलं रक्त थांबलं. तपासणीत पेशी मोठ्या होताना दिसू लागल्या. आणि तेवढ्यात राउंडला बाईंनी त्याचा हात उलटा केला. तळवा पिवळाधमक.

"यकृताला औषध झेपत नाहीसं दिसतंय," त्या म्हणाल्या. "सिस्टर, रक्त पाठवा. रिपोर्ट येईपर्यंत यांच्या कॅप्सूल बंद."

"आणि झेपतच नसेल तर?" धाकट्यानं विचारलं.

"तर थांबवावं लागेल. पण थांबवलं की त्या पेशी पुन्हा अडून बसायला मोकळ्या."

ताई स्टुलावर थर्मास मांडीत घट्ट धरून बसली होती. तिनं धाकट्याकडे असं पाहिलं की त्याची मान आपसूक खाली गेली. मग औषधांचा ट्रे त्याच्या खाटेवरून तसाच पुढे गेला. धाकट्यानं मान वर केली.

"बाई, मी रस पितो."

"चहा पितो तो," ताई म्हणाली.

"गाजराचा. सकाळी थर्मासभर, संध्याकाळी थर्मासभर."

बाईंनी हात पुढे केला. ताईनं थर्मास लगेच सोडला नाही, पण सोडला. बाईंनी झाकण काढून वास घेतला. "चहा चांगलाच केशरी झालाय हो." मग त्यांनी धाकट्याची पापणी खाली ओढली आणि स्वतःवरच चिडल्यासारखा सुस्कारा टाकला. "डोळे पांढरेस्वच्छ आहेत. कावीळ असती तर आधी डोळे पिवळे झाले असते. मी हात बघितला आणि डोळे विसरले."

"म्हणजे रसाचा गुण नाही?" ताईनं विचारलं.

"गाजरातला रंग शरीराला लागतो तेवढाच जीवनसत्त्वात बदलतो. बाकीचा कातडीत साठतो. गाजरं खाऊन ते झाकण उघडायचं नाही, हे तुमचे भाऊच आधी रंगून निघतील."

"मला वाटलं, दोन्हीकडून दिलं तर लवकर..." ताई म्हणाली.

दुपारी रिपोर्ट आला. यकृत ठणठणीत होतं. सिस्टर कॅप्सुलींची वाटी घेऊन आली. ताई स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली होती. अबोला सुरू झाला होता. धाकट्यानं कॅप्सूल घेतल्या, वर पाणी प्यायला.

"गिळल्यास का?" ताईनं भिंतीला विचारलं.

"गिळल्या."

स्टूल करकरत फिरलं. "तोंड उघड. जीभ वर कर."