पडद्याकडे पाठ

सत्तरच्या दशकात सदर भागातल्या थेटरांसाठी, मध्यंतरात पडद्यावर दाखवायच्या जाहिरातीच्या काचा रंगवायचं काम नत्थूजी करत. हात सोन्याचा, स्वभाव मात्र हेकट. मध्यंतर झालं की ते आत शिरत, पडद्याकडे पाठ करून उभे राहत आणि लोकांच्या नजरा टिपत. माना वर असल्या तर काच पावली, खाली असल्या तर पैसे पाण्यात. अख्खा चित्रपट बघायची चैन त्यांनी कधी केली नाही.

शोभाताई त्यांच्या शेजारीण. नवरा गेल्यावर त्यांनी जवळच्याच जरीपटका वस्तीत खानावळ काढली होती. ती चालली नाही तर गावी, खाप्याला, भावाच्या दारात जाऊन राहणं नशिबी होतं. नत्थूजींनी जीव ओतून काच रंगवली, ‘आईच्या हातचं जेवण’, आणि थेटरवाल्याच्या हातापाया पडून त्या काचेला पहिला नंबर मिळवून दिला. लोक चहाला उठायच्या आतला!

“सारं थेटर पाहून राह्यलं होतं, शोभाताई! लोक खुशीनं हसून राह्यले होते!”

“मंग जेवाले काहून नाही आलं कोनी?”

खरंच कोणी फिरकत नव्हतं. शोभाताई खाप्याला जायला भांडी पोत्यात भरू लागल्या. त्या दिवशी तिकीट काढून ते पहिल्यापासून चित्रपटाला बसले. पडद्यावर सावत्र आईनं खिरीत विष कालवलं, नायकानं वाटी तोंडाला लावली, आणि मध्यंतर! लगेच त्यांची काच. थेटर खो खो हसलं. नत्थूजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं नजरा मोजल्या, पण त्या नजरांनी आधी काय पाहिलं हे विचारायची अक्कल सुचली नाही!

काच त्यांनी दुसऱ्या थेटरात हलवली. तिथल्या चित्रपटात गावाकडचा पोरगा शहरात नुसतं नळाचं पाणी पिऊन झोपतो, तेवढ्यात मध्यंतर होतं. या वेळी निम्मे लोक डोळे पुसत होते, कित्येकांनी तर मानही वर केली नाही. गेली ही पण वाया, असं पुटपुटत नत्थूजी घरी आले.

दुसऱ्या दिवशी शोभाताईंचं पोतं बसपर्यंत पोचवायला ते गेले, तर खानावळीच्या ओट्यावर खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली कॉलेजची पोरं टेकली होती. एकानं दबकत विचारलं, “आई, जेवन भेटन का?”

पदरानं डोळे टिपत शोभाताई नत्थूजींवर खेकसल्या, “का गा भाऊ, उभे काय राह्यले? सोडा ते पोतं, पोरं उपाशी हायेत!”