नेरिडाने न जोडलेली डिस्क

नेरिडा डिरीन आमच्या चेरीच्या पॅकिंग शेडचं ऑफिस सांभाळायची. ओळखीच्या माणसाचा फोन आला तरी तो ठेवून स्वतः उलट फोन लावायची, आवाजावर तिचा भरवसा नव्हता. दर सोमवारी कॉम्प्युटरवरच्या सगळ्या नोंदींची नक्कल डिस्कवर घ्यायची, डिस्क काढून घरी न्यायची. पुढच्या सोमवारी दुसरी डिस्क. मालक रॉस वूलनो म्हणायचा, रोज आपोआप बॅकअप होतोय, मग हा उद्योग कशाला? ती म्हणायची, जे कायम जोडलेलं असतं ते चोराच्याही हाताला लागतं.

डिसेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, एका गुरुवारी सकाळी कॉम्प्युटरचे सगळे पडदे काळे झाले. फायली कुलूपबंद, सोडवायच्या तर पैसे भरा, असा मजकूर. रोजचा बॅकअपही त्याच कुलुपात गेला होता. झाडावर चेरी पिकून तयार, शीतगृह भरलेलं आणि कुठली पेटी कुठल्या बागेची, कुणाकडे जायची, हे सगळं त्या मशीनमध्ये.

रॉसने नेरिडाला घरून डिस्क आणायला पाठवलं. ती दोन्ही घेऊन आली, पण पर्समधून बाहेर काढेना.

"जोड ना," रॉस म्हणाला. "ट्रक उभे आहेत."

"नाही जोडणार. हे मशीन अजून त्यांच्या ताब्यात आहे. जोडली की हीसुद्धा गेली."

"शेड माझी आहे, नेरिडा."

"तुझीच आहे, म्हणून तर."

ती पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली. रॉस तणतणत बाहेर गेला, पण त्याने हिसकावून घेतली नाही. होबार्ट शहरातून तंत्रज्ञ येईपर्यंत आम्ही प्रतवारीच्या पट्ट्यावरच्या बायकांनी पेट्यांवर हाताने चिठ्ठ्या लिहिल्या. नेरिडा बागवाल्यांच्या पावत्या एकेक करून लावत होती. कागद ती कधी फेकत नसे.

पण एवढ्यावर तिचा संशय थांबला नाही. लीथ हा आमचा फोर्कलिफ्टवाला, मासेमारीला जायचा म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बघायचा. दुपारी चहाच्या टेबलावर सगळ्यांसमोर तिने त्याला विचारलं, "काय काय उघडलंस तू?" लीथने कप खाली ठेवला. भरतीची वेळ, एवढंच म्हणाला आणि उठून गेला. आम्हीही त्याच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहायला लागलो, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी तंत्रज्ञ बाई आली. तिने स्वतःच्या वेगळ्या मशीनवर डिस्क तपासल्या. तीन दिवसांपूर्वीच्या डिस्कमध्ये त्या लोकांनी लपवलेला प्रोग्राम निघाला. ते नऊ दिवस आधीच आत शिरून गुपचूप बसले होते. दहा दिवसांपूर्वीची डिस्क मात्र स्वच्छ होती. शनिवारपर्यंत सगळी मशीनं पुसून नव्याने उभी केली, तेव्हा कुठे नेरिडाने ती डिस्क जोडू दिली. मधल्या दहा दिवसांच्या नोंदी आम्ही पावत्यांवरून पुन्हा भरल्या. शीतगृहातला थोडा माल खराब झाला, बाकीचा ट्रकमधून रवाना झाला. चोरांना रॉसने काही दिलं नाही.

ते शिरले कुठून तेही कळलं. रॉस घरून ऑफिसच्या मशीनवर काम करायचा. त्याचा तिथला पासवर्ड जुना, चार ठिकाणी तोच वापरलेला. रॉसने ते सगळ्यांसमोर कबूल केलं.

नेरिडा त्याच दिवशी ट्रक भरायच्या फलाटावर लीथकडे गेली. मी पेट्या मोजत तिथेच होते.

"माझं चुकलं, लीथ. विचारायचं तर एकट्याला विचारायला हवं होतं."

"ठीक आहे," तो म्हणाला. मग फोर्कलिफ्टवर चढता चढता म्हणाला, "चौदा वर्षं झाली गं मला इथे."

त्याने राग धरला नाही, तिने सांगितलेल्या पेट्याही वेळेवर हलवायचा. पण चहा तो तेव्हापासून बाहेर, फोर्कलिफ्टवर बसूनच प्यायला लागला. नेरिडा अजूनही सोमवारी डिस्क घरी नेते. रॉस आता काही म्हणत नाही.