धोंड्याला उघडलेलं बॉनेट

जालन्यात ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी बिलं फाडायचो. पार्टांची नावं मला पाठ होती. ते गाडीत नेमके कुठे बसतात, ते गिऱ्हाइकाला माहीत असायचं. एवढ्या विद्येवर सासुरवाडीत मला मेकॅनिक समजत. मीही तो समज कधी खोडून काढला नाही. फुकट मिळालेली इज्जत परत कोण करतो?

सासुरवाडी हसनाबादकडची. मेव्हण्याकडे एक जुना, लांब नाकाचा ट्रक होता. रंग उडालेला, एक दार दोरीनं बांधलेलं, पण इंजिन तगडं. मेव्हणा त्याला बायकोपेक्षा जास्त जपतो, हे ती स्वतःच चारचौघांत सांगायची आणि तो नाही म्हणायचा नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका साली जेठ दोनदा आला आणि आम्हाला धोंडे खायला बोलावणं आलं. अधिक महिन्यात जावयाला जेवू घालायचं, त्याचे पाय धुवायचे, त्याला कपडे करायचे आणि त्या दिवशी त्याचा शब्द मोडायचा नाही, अशी रीत. यातलं शेवटचं कलम फार घातक आहे, पण ते अजून कुणी काढून टाकलेलं नाही.

मी सकाळीच पोचलो. सासूबाईंनी खास शिवून घेतलेला बदामी रंगाचा सफारी लगेच अंगावर चढवला. तळण चालू होतं, जेवणाला वेळ होता. अंगणात मेव्हणा ट्रकचं बॉनेट उघडून बसला होता. गाडी काळा धूर सोडत होती आणि दुसऱ्या दिवशी अंकुशनगरच्या साखर कारखान्याहून उसाच्या वाहतुकीसाठी गाडी बघायला माणूस यायचा होता. पसंत पडली तर मेव्हण्याला हंगामभर काम. नाही पडली तर दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जाण्यावाचून इलाज नव्हता, आणि तसं जाण्यापेक्षा उपाशी बसेन असं तो गावभर बोलून बसला होता.

दोष साधा होता. जुन्या ट्रकला हवा गाळायचं एक डबडं असतं. बुडात तेल असतं, आत येणारी धूळ त्या तेलात बसते. ते डबडं चोंदलं होतं. मेव्हणा ते साफच करायला बसला होता, म्हणजे गाडी अर्ध्या तासात ठीक झाली असती. पण मी म्हणालो, सरक.

त्यानं आईकडे पाहिलं. सासूबाईंनी मान हलवली. तो सरकला.

मी डबडं काढलं, डिझेलनं धुतलं, इथवर माझी कीर्ती शाबूत होती. मंग नवं तेल ओतायला घेतलं. डबड्यात आत एक रेघ असते, तेल तिथवरच भरायचं असतं. मला वाटलं, ती रेघ कंजूष लोकांसाठी असावी. मी काठोकाठ भरलं.

"दाजी, तेल जास्त व्हऊन राह्यलं," मेव्हणा हळूच म्हणाला.

"पार्ट मी विकतो का तू?"

मी डबडं जागेवर बसवलं, नळीचा पट्टा पान्ह्यानं असा आवळला की पुढच्या जन्मी सुटावा, बंपरवर उभा राहिलो आणि त्याला केबिनमध्ये बसवून म्हणालो, दे रेस.

गाडी सुरू झाली. धूर नाही. सासरे हसले. बायकोनंसुद्धा माझ्याकडे जरा बऱ्या नजरेनं पाहिलं. एवढं सुख मला त्या घरात पुन्हा मिळालं नाही.

मेव्हण्यानं पाय काढला तरी आवाज वाढतच राहिला. त्यानं बंद करायचा खटका ओढला, तो नुसताच हातात आला. इंजिन आता डिझेलवर नव्हतंच, मी भरलेलं तेल पीत होतं आणि पिईल तितकं जास्त बोंबलत होतं. पांढऱ्या धुरात अंगण बुडालं. गिअर टाकून गाडी बंद पाडावी तर पुढे बायका, मागे भिंत. हवा तोडणं एवढाच उपाय उरला. नळी ओढावी, तर पट्टा मी आवळलेला.

"दाजी, डबड्याच्या तोंडात कापड कोंबा!" मेव्हणा केबिनमधून ओरडला. "सफारी काढा, सफारी!"

मी सफारीकडे पाहिलं. बदामी रंग. चार खिसे. एवढ्या गोंधळात मला त्या चार खिशांचं पडलं. मी वरच्या खिशातून रुमाल काढला, बायकोनं कोपऱ्यात फूल भरलेला, आणि तो डबड्याच्या तोंडावर धरला. डबड्यानं तो एका घोटात गिळला आणि आणखी मागितलं. सासरे भिजवलेलं पोतं घेऊन धावत आले, पण ते पोचेपर्यंत आतला रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता.

मंग एकदम शांत झालं. कढईतल्या तेलाचा आवाज ऐकू यायला लागला.

काळं तेल सफारीवरून ओघळून माझ्या पायांवर आलं. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. सासूबाई म्हणाल्या, पाट मांडा. रीत राहून चालणार नव्हती. मेव्हण्यानं माझे पाय परातीत घेतले. पाण्यानं निघेना, तर रॉकेल आणलं. बोटांच्या बेचक्यांतून, घोट्यांपर्यंत तो घासत राहिला. वर पाहिलं नाही. शेवटी कुंकू लावून पायांवर डोकं ठेवलं, तेव्हा त्याच्या डोक्यातली धुराची काजळी माझ्या पायावर पडली.

दुसऱ्या दिवशी अंकुशनगरचा माणूस आला, इंजिनाच्या भोकात डोकावला, उरलेले अनारसे खाल्ले आणि गेला. गाडी भंगारात गेली. मेव्हणा हंगामात दुसऱ्याच्या ट्रकवर ऊस ओढायला लागला. बायकोनं सफारीचा फडका केला. तो आमच्याकडे कितीतरी वर्षं फरशी पुसायला होता.

पुढचा अधिक महिना आला तसं रीतसर बोलावणं आलं. मालकाकडे रजा मागून मेव्हणा आला. पाय धुतले. ताटात अनारसे, दिवा, सफारीचं कापड, आणि त्यावर घडी घातलेला एक फाटका, मळकट रुमाल, कोपऱ्यात फूल.

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "तुमचा आमच्या गाडीत राहिल्ता."

सगळ्यात आधी माझी बायको हसली.